इंदूरचे जावई

धुळ्याच्या देवपुरात एक जॅझ गाणारी बाई राहते असं कुणी सांगितलं असतं, तर लोकांनी आधी जॅझ म्हणजे काय ते विचारलं असतं आणि मग बाई कोणाकडची ते. दुसऱ्याचं उत्तर गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. सुकदेवभाऊ पाटलांची बहीण. इंदूरला दिलेली. मालक गेले, मुलगा तिकडे मोठ्या कंपनीत, पण सुनेशी पटलं नाही, म्हणून भावाच्या घरामागच्या खोलीत येऊन राहिली. यातलं बहीण असणं तेवढं खरं होतं. बाकीचं सगळं बनवलेलं होतं, आणि बनवणाऱ्यांपैकी ही बाई, ज्योत्स्ना, सोडून फक्त सुकदेवभाऊच आता जिवंत होते.

सुरुवात भुसावळपासून करावी लागते. वडील तोताराम पाटील मालगाडीवर गार्ड. गाव पांझरा नदीकाठचं, पण नोकरी भुसावळला, म्हणून बिऱ्हाड रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. भिंतीला भिंत लागून ग्लॅडिस आंटी राहायची. तिचा नवरा मेलगाडीचा ड्रायव्हर, घरात एक जुना पियानो, त्याच्या निम्म्या पट्ट्या मुक्या. डिसेंबरात आंटी केकचं पीठ घोटता घोटता गायची आणि भिंतीच्या अलीकडे ज्योत्स्ना भांडी घासता घासता तेच गाणं परत म्हणायची. शब्दांचा अर्थ कळत नव्हता, पण गाणाऱ्या बाईला कुणीतरी सोडून गेलंय एवढं कळायचं. एक दिवस आंटीने भिंतीवरून डोकावून तिला बोलावलं आणि इन्स्टिट्यूटमध्ये मॉरिसपुढे उभं केलं.

मॉरिस लोकोशेडमध्ये फिटर होता आणि संध्याकाळी सॅक्सोफोन वाजवायचा. रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे नोकरदारांच्या क्लबात, नाताळला आणि इस्टरला नाच व्हायचे, लाकडी फळ्यांवर मेणाचा चुरा पसरून त्या गुळगुळीत केल्या जायच्या, आणि बँड मॉरिसचा असायचा. त्याने पोरीचं गाणं ऐकलं आणि विचारलं, "तालाच्या मागे राहून गायला कोणी शिकवलं तुला?" ज्योत्स्ना घाबरली. तिला वाटलं चूक झाली. मॉरिस हसून म्हणाला, "हेच तर इथल्या कोणाला जमत नाही. ताल को आगे जाने दो, तुम पीछे से आराम से आओ." तिला शिकवलं कोणीच नव्हतं. तिची माय श्रावणात कानबाई देवीची गाणी म्हणायची ती अशीच, बाकीच्या बाया ओळ संपवून थांबलेल्या असायच्या तेव्हा मायचा शेवटचा शब्द सावकाश येऊन पोचायचा. बाया चिडवायच्या तिला त्यावरून.

रेल्वेचा मोठा संप झाला त्याच्या आदल्या नाताळात ज्योत्स्ना पहिल्यांदा बँडसोबत गायली. तोताराम गार्ड शेवटच्या रांगेत कोट घालून बसले होते. साहेब लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यांनीही वाजवल्या. एवढ्याने काही बिघडत नव्हतं, इन्स्टिट्यूट रेल्वेचीच होती, बाहेरच्याला कळण्याचं कारण नव्हतं. मग संप झाला. संपात मॉरिसची नोकरी गेली. पोट भरायला तो पुण्याच्या एका हॉटेलात बँड घेऊन निघाला आणि गाणारी म्हणून त्याने ज्योत्स्नाला विचारलं.

वडील नाही म्हणाले. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी हात उगारला. त्याच दिवसांत सुकदेवचं लग्न ठरत होतं, मुलीकडचे लोक घर पाहून गेले होते, आणि नवरदेवाची बहीण हॉटेलात गाते ही बातमी घेऊन कोणती सोयरीक टिकली असती? ज्योत्स्नाला हे सगळं समजत होतं. तरी ती गेली. पिशवी घेऊन स्वयंपाकघरातून निघाली तेव्हा माय चुलीकडे तोंड करून बसली होती. मायने वळून पाहिलं नाही आणि अडवलंही नाही.

तोताराम गार्डांनी त्यावर जे केलं ते आमच्याकडचा अब्रूला जपणारा बापच करू जाणे. पोरगी पळाली असं म्हणावं तर सुकदेवचं लग्न मोडतं, मेली म्हणावं तर जीभ रेटेना. त्यांनी बायकोला आणि मुलाला समोर बसवून सांगितलं, "जोसना मरनी नही, तिन्हं लगीन व्हयनं. आते हाईच सांगानं." गावात त्यांनी रीतसर पेढे वाटले. मुलगा इंदूरच्या कापड गिरणीत आहे, त्याचा आजा शेवटच्या घटका मोजत होता म्हणून घाईघाईत तिकडेच उरकलं, तुम्हाला बोलावता आलं नाही, माफी असावी. आजा लगेच मेलासुद्धा. खोटं सांगायचं तर नीट सांगावं, हा गार्डसाहेबांचा स्वभावच होता. पुढे वर्षावर्षाला जावयाची बढती झाली, घर झालं, मुलगा झाला. सुकदेवची बायको उषा घरात आली तेव्हा तिलाही नणंद इंदूरची म्हणूनच सांगितली गेली.

आणि श्रावणात कानबाई आली. पाटलांकडे कानबाईच्या आदल्या दिवशी घरातल्या माणसांच्या नावाने गहू काढायची रीत आहे. मोठ्याने नाव घ्यायचं आणि त्या नावाची मूठ सुपात टाकायची. त्या गव्हाच्या पिठाचे रोट करतात आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे असतात, बाहेरच्याच्या तोंडात कण जाऊ द्यायचा नसतो. घरात असलेल्या मुलीची मूठ धरतात. मुलगी दिली की तिची मूठ बंद होते, ती दुसऱ्या कुळाची झाली. त्या वर्षी तोताराम गार्डांनी नावं घेतली आणि ज्योत्स्नाच्या नावाशी न थांबता पुढे गेले. माणसांशी ते खोटं बोलले होते, आता देवीशीही बोलून बसले. माय त्या दिवशी गायली नाही. घसा बसला असं म्हणाली.

हे सगळं ज्योत्स्नाला खूप उशिरा, सुकदेवच्या एका पत्रातून कळलं. तोवर ती पुण्याहून मुंबईला गेली होती आणि जोसी पाटील झाली होती. समुद्रासमोरच्या एका हॉटेलात ती रोज संध्याकाळी गायची आणि रविवारी दुपारी दुसऱ्या बँडवाल्यांच्या, आयत्या वेळी सुचेल ते वाजवायच्या जॅम सेशनला जायची. तिथे तिचं नाव होतं. मोठं नाही, पण त्या धंद्यातल्या माणसांना माहीत असलेलं. एकदा ती गात असताना वेटर हातात ट्रे घेऊन भिंतीशी उभे राहिले आणि मॅनेजरही त्यांना ओरडायचं विसरला. त्या संध्याकाळी तिला वाटलं होतं की हे मायने ऐकायला हवं होतं. वडिलांनीसुद्धा.

मॉरिसने तिला लग्नाचं विचारलं. तो ऑस्ट्रेलियात पर्थला निघाला होता, त्याची बहीण तिकडे होती. माणूस चांगला होता, तिला आवडतही होता. ज्योत्स्ना नाही म्हणाली. हसण्यावारी नेत तिने त्याला सांगितलं की मला इंदूरला नवरा आहे. खरं कारण तिने कोणालाच सांगितलं नाही, कारण ते मोठ्याने बोलल्यावर वेडेपणाच वाटला असता. जोवर आपलं लग्न झालेलं नाही तोवर आपण त्या घरच्या आहोत. वडिलांनी मूठ बंद केली ती खोट्यावर बंद केली आहे आणि खोटं कधी ना कधी मिटतं. मॉरिसशी लग्न केलं तर बापाचं म्हणणं खरं होईल आणि मग मागायला तोंडच उरणार नाही. कुठल्या तरी मूठभर गव्हासाठी एका बाईने संसार नाकारला, यावर कोणाचा विश्वास बसेल? पण तिने नाकारला.

मॉरिस गेल्यावर बँडही हळूहळू गेले. हॉटेलांना रेकॉर्ड लावणारा एक माणूस पुरेसा झाला. ज्योत्स्नाच्या घशात गाठ आली, ती काढली, आणि वरचे सूर त्या गाठीबरोबर गेले. एका नाटकात हॉटेलातल्या प्रसंगासाठी इंग्रजी गाणं म्हणणारी बाई हवी होती, म्हणून ती रंगमंचावर आली. गाणं पुढे कापलं गेलं, बाई राहिली. मावशी, शेजारीण, सासू, नर्स. मुख्य भूमिका कधी मिळाली नाही, पण कंपन्या तिला सोडत नसत, कारण ती सावरून घेण्यात पटाईत होती. समोरचा नट वाक्य विसरला, त्याच्या डोळ्यांत ती रिकामी भीती दिसली की ज्योत्स्नाच्या तोंडून काहीतरी निघायचंच, लोक हसायचे आणि नाटक पुढे सरकायचं. "जोसीबाई स्टेजवर असतील तर मला झोपेतसुद्धा काम करता येतं," असं एक मोठा नट म्हणायचा, आणि करायचाही तसंच.

नाटकाचा दौरा जळगावला आला तेव्हा सुकदेव धुळ्याहून येऊन तिसऱ्या रांगेत बसला होता. तो दरवेळी यायचा, पण आत भेटायला कधी यायचा नाही. त्या दिवशी तो विंगेत आला आणि म्हणाला, माय गेली. दशक्रियेला ये, पण लोकांना माहीत आहे तशी ये. ज्योत्स्ना कपडेपटातलं मंगळसूत्र आणि हिरव्या बांगड्या घालून गेली. ते मंगळसूत्र ती नाटकात रोज घालायची, त्यामुळे गळ्यात नवखं वाटलं नाही.

पांझरेच्या काठावर बाया तिच्याभोवती बसल्या. मायसाठी रडायला तिला कोणी मोकळं सोडेचना, सगळ्यांना इंदूरचं ऐकायचं होतं.

"सासू कशी शे वं तुन्ही?" एकीने विचारलं.

"बरी शे," ज्योत्स्ना म्हणाली. "दिनभर गुडघा धरी बसस, पन तोंड काय बसत नही."

बाया रडता रडता हसल्या. मग एकामागून एक प्रश्न आले आणि ज्योत्स्नाने एकालाही अडखळत उत्तर दिलं नाही. सासूचे गुडघे, दिराची दारू, मुलाचं शिक्षण, मालकांची दमेकरी छाती. तिने आयुष्यात केलेल्या भूमिकांपैकी सगळ्यात चांगली ती नदीकाठी, फाटक्या सतरंजीवर केली. वडील थोड्या अंतरावर टक्कल करून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण ते ऐकत होते. त्या दिवसापर्यंत इंदूर ही गार्डसाहेबांची थाप होती, त्यानंतर तिच्यावर संशय घ्यायचं कोणाला काही कारण उरलं नाही. ज्योत्स्नाला हे परतीच्या एसटीत कळलं, आणि तिने बांगड्या काढून पिशवीत टाकल्या तरी फार उशीर झाला होता.

वर्षभरात वडील गेले. पुढे कधीतरी, जावई कधी दिसत का नाहीत अशी गावाकडून फारच विचारणा होऊ लागली म्हणून, तिने आणि सुकदेवने फोनवर बोलून इंदूरच्या मालकांनाही दम्याने मारून टाकलं.

कोरोनात नाट्यगृहं बंद पडली ती तिच्यासाठी बंदच पडली. कंपनी मोडली, मुंबईतली जागा सुटली. सुकदेवभाऊ तेव्हा झेडपीतून निवृत्त होऊन देवपुरात घर बांधून होते. त्यांनी मागची खोली दिली. मुलाकडे का नाही गेल्या, असं उषावहिनींनी विचारलं तेव्हा ज्योत्स्ना म्हणाली, "सुनेशी पटत नाही." वहिनींनी पुढे एक शब्द विचारला नाही. गल्लीतल्या कोणीच विचारला नाही. इतक्या पटकन पटणारं कारण तिला कोणत्याही नाटककाराने लिहून दिलं नव्हतं.

लोक तिच्याशी चांगलेच वागत होते. सुकदेवभाऊंचा मुलगा दीपक तिला दवाखान्यात न्यायचा, त्याची बायको सारिका गरम वरण पाठवायची. श्रावण आला की कानबाईची गाणी ज्योत्स्नाआत्यांनीच उचलायची, कारण जुन्या चाली आता दुसऱ्या कोणाला येत नव्हत्या. आवाज घोगरा झाला होता, पण शेवटचा शब्द मागून सावकाश आणायचं ते तिला अजून यायचं. गाणं म्हणून झालं की रोट वाढले जायचे आणि ज्योत्स्ना उठून आपल्या खोलीत यायची. सारिका तिला वेगळी पुरणपोळी आणून द्यायची. "आत्या, तुम्हाला रोट चालत नाही ना," असं ती अगदी मायेने म्हणायची, आणि ती माया ज्योत्स्नाला दर वर्षी कापत जायची.

गेल्या वर्षी सुकदेवभाऊंना छातीत दुखून दवाखान्यात न्यावं लागलं. ते परत आले, पण जिना चढताना धरावं लागायचं. ज्योत्स्ना त्या दिवसांत झोपेनाशी झाली. भाऊ गेला तर आपलं लग्न झालेलं नाही हे जगात कोणालाच माहीत नसेल, एवढा एकच विचार तिला सुटत नव्हता. नागपंचमीला ती त्यांच्या पलंगाशी बसली आणि दार लोटून घेऊन तिने मागितलं.

"भाऊ, एक डाव मन्हा नावनी मूठ धर. मी देल पोर नही शे, हाई तुले मालूम शे."

सुकदेवभाऊ उशीवरून उठून बसले. "बठ्ठा भाऊबंदसमोर बापले खोटा पाडू का मी?"

"बाप गया, भाऊ. माय गयी. मी शे अजून."

त्यांनी डोळे पुसले. म्हाताऱ्या माणसाला रडताना बघवत नाही, पण ज्योत्स्नाने नजर काढली नाही, आज काढली असती तर पुन्हा मागायचा धीर झाला नसता. शेवटी ते म्हणाले, धरतो. नाव घेतो आणि काय ते सांगून टाकतो. लोकांना जे म्हणायचं ते म्हणू दे.

कानबाईच्या आदल्या दिवशी दुपारी भाऊबंद जमले. गावाहून हिलालआबा आले होते, घराण्यातले सगळ्यात वडील, तोंडाने फटकळ पण मनाने बरे. ओसरीवर गव्हाचं पोतं उघडलं. बाया एका बाजूला बसल्या, ज्योत्स्ना त्यांच्यात पुढे. सारिकाच्या मुलीचं लग्न ठरत होतं, होणारे सोयरेही पाहुणे म्हणून आले होते. सुकदेवभाऊ पाटावर बसून नावं घेऊ लागले. हिलालआबांचं, आबांच्या मुलांचं, चुलत्यांचं, दीपकचं, नातवाचं, नातीचं. मुठी सुपात पडत गेल्या. ज्योत्स्ना पहिल्या प्रयोगालाही अशी कधी घाबरली नव्हती.

"बठ्ठा व्हयनात ना रे सुकदेव?" आबांनी विचारलं.

सुकदेवभाऊंनी पोत्यात पुन्हा हात घातला. मूठ भरून वर काढली. "जोसना," ते म्हणाले.

म्हणाले खरं! पन्नास वर्षांनी त्या घरात तिचं नाव घेऊन मूठ वर आली होती. ज्योत्स्नाला समोरचं दिसेनासं झालं.

"आरे, जोसना देल पोर शे," आबा मोठ्याने म्हणाले. "तिन्ही मूठ कशी काय?"

सगळ्यांच्या माना सुकदेवभाऊंकडे वळल्या. पाहुण्यांच्याही. भाऊंनी तोंड उघडलं. त्यांनी हे दहादा ठरवलं असणार, मनात घोकलं असणार, पण आता त्यांच्या तोंडून शब्दच येईना. ओठ नुसते हलत राहिले, बोटांतून दाणे गळू लागले, आणि डोळ्यांत ती रिकामी भीती आली. ज्योत्स्नाने ती भीती आयुष्यभर कितीतरी नटांच्या डोळ्यांत पाहिली होती. तिने विचार केला नाही. विचार करायला वेळ मिळाला असता तर ती गप्प बसली असती, हे ती पुढे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

"दखा आबा!" ती खणखणीत आवाजात म्हणाली. "मन्हा लगीनमा जिलब्या यानीच वाढ्यात, आनि आते मन्हं लगीनच भुली गया!"

ओसरीवर हशा पिकला. आबा हसले, पाहुणे हसले, सारिका पदर तोंडाला लावून हसली. "वय झालं हो पप्पांचं," दीपक कौतुकाने म्हणाला. सुकदेवभाऊंच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं हसू आलं. त्यांनी मूठ उघडली आणि गहू परत पोत्यात गेले. नाटक पुढे सरकलं.

बायांनी गाणं धरलं आणि ते ज्योत्स्नालाच उचलावं लागलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ काठी टेकत तिच्या खोलीपाशी आले. "तू काब्र मधमा बोलनी?" त्यांनी मध्ये पडण्याचं कारण विचारलं.

"माले समजनंच नही, भाऊ."

ते उंबऱ्यावर बसले. मग म्हणाले, "पन बरं सावरं तू. मन्हा तर जीवच गया व्हता." त्यांना वाटलं, बहिणीने आपल्यासाठी हट्ट सोडला. ते तिच्या पाठीवर हात फिरवून गेले आणि ज्योत्स्नाला इतका राग आला, भावाचा, बापाचा आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या जिभेचा, की तिने दार लावून उशीत तोंड खुपसलं. पुढच्या श्रावणात पुन्हा मागू, असं तिने ठरवलं. पण थंडीत सुकदेवभाऊ गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर घर रिकामं झालं. उषावहिनी नाशिकला लेकीकडे काही महिने जाणार होत्या. लग्नघर म्हणून मागच्या खोलीसकट सगळ्या घराची डागडुजी काढायची होती. दीपक आणि सारिका आत्याच्या खोलीत येऊन बसले. दोघं बरेच दिवस यावर बोलले असावेत.

"आत्या," दीपक म्हणाला, "राग किती दिवस धरायचा? पप्पा होते तोवर ठीक होतं. आता तुमचं माणूस तिकडेच आहे. आम्ही तुम्हाला ठेवून घेतलं तर लोक म्हणतील, मुलाला आईपासून तोडलं. तुम्ही इंदूरला जा. दादांचा नंबर द्या, मी बोलतो."

त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. म्हातारीचं म्हातारपण मुलाजवळ जावं, एवढीच त्यांची इच्छा होती. वाकडं असतं तर भांडता तरी आलं असतं.

ज्योत्स्नाने सारिकाकडे पाहिलं. "सारिका, मला मुलगा नाही," ती म्हणाली. "माझं लग्नच झालेलं नाही. मी हॉटेलात गात होते. माझ्या वडिलांनी लोकांना खोटं सांगितलं होतं. भाऊंना सगळं माहीत होतं."

तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं. नाटकात सांगते तसं नाही, तर थांबून, अडखळत, चुकीच्या ठिकाणी श्वास घेऊन. ऐकणाऱ्याला खरं वाटावं म्हणून काय करावं लागतं ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यातलं तिने या वेळी काहीच केलं नाही.

दीपकने बायकोकडे पाहिलं. सारिकाचे डोळे भरून आले. तिने आत्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "आत्या, असं बोलू नये. कितीही भांडण झालं तरी पोटचा आहे तो. नाही म्हणून कसं चालेल?"

ज्योत्स्ना साक्षीला कोणाला बोलावणार होती?

नंबर तिने दिला नाही. न कळवताच जाते, अचानक गेलेलं बरं, असं म्हणाली, आणि दोघांनाही ते पटलं. दीपकने इंदूरच्या गाडीचं तिकीट काढलं, खिडकीची जागा मागून घेतली. सारिकाने वाटेसाठी दशम्या आणि मुलासाठी शेव दिली. "नातवंडांना जवळ घ्या, सून आपोआप वळेल," असं तिने बसस्टँडवर कानात सांगितलं आणि वाकून नमस्कार केला. दीपकने खिडकीखाली उभं राहून हात केला. गाडी हलली.

आग्रा रोडला लागल्यावर शेजारी बसलेल्या बाईने चिवड्याची पुडी पुढे केली. बोलायला हवी अशी बाई होती. "इंदूरला कोण असतं तुमचं?" तिने विचारलं.

ज्योत्स्ना कधीही इंदूरला गेली नव्हती. कोणत्या स्टँडवर उतरायचं आणि उतरून कुठे जायचं ते तिला माहीत नव्हतं. तरी शिरपूर यायच्या आत तिने सांगायला सुरुवात केली. मालक कापड गिरणीत होते. छाती दमेकरी. सासू गुडघे धरून बसायची. मुलगा मोठ्या कंपनीत आहे, सून जरा तोंडाळ आहे पण मनाची वाईट नाही. सांगता सांगता तिला हुंदका आला आणि तो काही केल्या आवरेना. शेजारच्या बाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. मालकांची आठवण झाली असेल बिचारीला, असं तिला वाटलं, आणि तिने बाटली उघडून पाणी दिलं.